‘आर’ आणि ‘गुंठा’ : एका अपुऱ्या भाषांतराचा इतिहास

महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यातील शेतजमिनीचा सातबारा उतारा पाहिला असता क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर, आर आणि चौरस मीटर ही तीन मापे आढळतात. ज्याच्या नावाचा तो उतारा असतो तो मनुष्य मात्र आपल्या जमिनीविषयी बोलताना एकर आणि गुंठे हेच शब्द वापरतो. कागदाची भाषा एक आणि तोंडची भाषा दुसरी, ही स्थिती आपणांस नवी नाही. मोडीच्या काळात ती होती, फारसीच्या काळातही होती. येथे विशेष असे की, या दोन भाषांमधील दुभाष्याचे काम जे समीकरण सर्वत्र करते, म्हणजे ‘एक आर म्हणजे एक गुंठा’, ते खरे नाही. ते जवळजवळ खरे आहे. हे ‘जवळजवळ’ कोठून आले, भाषेने ते का स्वीकारले आणि जमिनीच्या व्यवहारात त्याची किंमत कोण देतो, एवढ्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आकडे पाहू. गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. त्याचे क्षेत्र १,०८९ चौरस फूट, अथवा १२१ चौरस वार. फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, म्हणून गुंठ्याची बाजू १०.०५८४ मीटर आणि क्षेत्र १०१.१७ चौरस मीटर भरते. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, नेमका १०० चौरस मीटरांचा. दोन्ही चौरस शेजारी आखले तर एका बाजूत फरक पडतो तो सहा सेंटिमीटरांहूनही कमी, जेमतेम तीन बोटांचा. पृथ्वीच्या याम्योत्तर वृत्तावरून फ्रान्समध्ये काढलेले एक माप आणि इंग्रज मोजणीदाराच्या साखळीवरून मुंबई इलाख्यात रुळलेले दुसरे माप, या दोहोंचा परस्परांशी कोणताही ऐतिहासिक संबंध नसताना ती तीन बोटांच्या अंतरावर येऊन थांबावीत, हा निव्वळ योगायोग होय. पुढील सर्व गोंधळाचे मूळ या योगायोगात आहे.

इंग्रजी अमलापूर्वी देशावर जमीन मोजली जात असे ती काठीने. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर किंवा चावर, अशी ती मालिका होती. शिवकालीन मोजणीची काठी पाच हात व पाच मुठींची ठरविलेली होती, असे सभासदाची बखर सांगते. हात आणि मूठ ही माणसाच्या शरीराची मापे असल्यामुळे काठीची लांबी राज्यकर्त्याने ठरवून द्यावी लागे, आणि परगण्यापरगण्यांत तिच्यात फरक पडे. याशिवाय लोकव्यवहारात क्षेत्र अजिबात न मोजता जमीन सांगण्याच्या रीती होत्याच : इतक्या पायल्यांच्या पेऱ्याचे शेत, एका औताची जमीन, इत्यादी. या रीतींना अडाणी म्हणून हसण्याचे कारण नाही. पेऱ्यावरून सांगितलेल्या जमिनीत तिचा कसही सामावलेला असतो. चौरस मीटर ही गोष्ट सांगू शकत नाही.

मुंबई इलाख्यातील पहिला मोठा प्रयत्न पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात केला. त्यातील मोजणी सदोष, हाताखालची माणसे लाचखाऊ आणि आकारणी जड, म्हणून तो फसला. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने आरंभ केला. डेव्हिडसन यांच्यासह त्या दोघांनी तयार केलेला १८४७ चा संयुक्त अहवाल हा पुढे मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पायाच ठरला. या मोजणीने गावाची जमीन सर्व्हे नंबरांत विभागली, बांधावर खुणा रोवल्या आणि क्षेत्र एकर व गुंठ्यांत लिहिले. बिघा व पांड हळूहळू दप्तरातून गेले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे एक स्थळ आहे. इंग्लंडात एकराचे चार रूड आणि रूडाचे चाळीस पर्च होत असत. आपल्याकडे एकर आला, पण रूड व पर्च आले नाहीत. एकराखाली चाळीस गुंठे आणि गुंठ्याखाली सोळा आणे, अशी उतरंड येथे प्रस्थापित झाली. मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचेही सोळा आणे पाडलेले होते. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे गुंठा. ही साखळी म्हणजे इंग्लंडमध्ये गंटर याने १६२० मध्ये प्रचारात आणलेल्या ६६ फुटी साखळीची बरोबर निम्मी. (गंटर व गुंठा यांच्या ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती जुळविण्याचा मोह एखाद्यास होईल, तो आवरावा. कन्नडमध्ये गुंटे व तेलुगूत गुंट हे याच मापाचे शब्द आहेत, आणि शब्दाचे गोत त्याच दिशेस शोधले पाहिजे.) ज्या समाजात रुपयाचे सोळा आणे होते, जेथे संपूर्ण खऱ्या गोष्टीला ‘सोळा आणे खरी’ म्हणत, जेथे जमिनीची प्रतही आण्यांत ठरे आणि पिकाची आणेवारी काढली जाई, तेथे गुंठ्याचे सोळा आणे कोणालाच शिकवावे लागले नाहीत. माप परके होते. हिशेब घरचा होता. एकर हा शब्द तर मराठीत इतका मुरला की त्याचे परकेपण आज कोणास जाणवत नाही. त्याचे मूळ जुन्या इंग्रजीतील शेतवाचक शब्दात असून लॅटिन ‘आगेर’, ग्रीक ‘आग्रोस’ आणि वैदिक संस्कृतातील ‘अज्र’ हे त्याचे सगोत्र आहेत. म्हणजे इंग्रज मोजणीदाराने आणलेला हा शब्द एका अर्थी फार जुन्या नातलगाच्या घरी आला होता, जरी त्या घरात कोणी त्याला ओळखले नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम यांबरोबरच जमिनीसाठी ‘आर’ हे माप सिद्ध केले. मोकळी जागा या अर्थाच्या ‘आरेआ’ या लॅटिन शब्दावरून ते नाव घडविले. त्याच्या मागे शंभर या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून काढलेला ‘हेक्टो’ हा उपसर्ग लावून शंभर आरांचे मोठे माप केले, आणि दोन स्वर एकत्र येतात म्हणून उपसर्गाचा अंत्य स्वर गाळला. आपण ज्याला पूर्वरूप किंवा पररूप संधी म्हणतो त्याच जातीचा हा व्यवहार. ग्रीक उपसर्ग आणि लॅटिन प्रकृती यांचा हा संकर शुद्धिवाद्यांना रुचण्यासारखा नाही, परंतु माप म्हणून त्याची रचना अत्यंत स्वच्छ आहे. एक मीटर बाजूचा चौरस, दहा मीटर बाजूचा आर, शंभर मीटर बाजूचा हेक्टर. बाजू दसपट झाली की क्षेत्र शंभरपट होते, म्हणून प्रत्येक पायरी शंभराची. आपल्या उताऱ्यात प्रत्येक मापाला दोन अंकांची जागा लागते ती याच कारणाने.

फ्रेंच लोकांनीही ही मापे आनंदाने स्वीकारली असे नाही. १८१२ मध्ये नेपोलियनच्या सरकारला माघार घेऊन जुनी नावे पुन्हा चालू करावी लागली, मात्र त्या नावांना नव्या मापांशी सोयीने जुळणारी किंमत देण्यात आली : जुना ‘त्वाझ’ दोन मीटरांचा ठरला, ‘लिव्ह्र’ अर्ध्या किलोग्रॅमचा. पुढे १८३७ च्या कायद्याने १ जानेवारी १८४० पासून शुद्ध मेट्रिक पद्धती सक्तीची झाली, तरी बाजारात ‘लिव्ह्र’ अर्ध्या किलोचा म्हणून राहिला तो राहिलाच. नाव जुने, माप नवे, अशी ही तडजोड होती. ती राजाज्ञेने झाली आणि उघडपणे झाली, हे येथे लक्षात ठेवावे.

भारतात नाण्यांचे दशमानीकरण १९५५ च्या कायद्याने ठरून १ एप्रिल १९५७ पासून नवा पैसा आला. वजने व मापे यांचा प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ चा; त्याची अंमलबजावणी १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने झाली. जमिनीच्या दप्तरापर्यंत ही लाट पोहोचण्यास आणखी काही वर्षे लागली. जुन्या फेरफार नोंदी चाळणाऱ्यास ही नोंद हमखास भेटते : नाणेविषयक कायदा व १९५८ चा वजने-मापे अंमलबजावणीचा कायदा यांस अनुसरून गावात दशमान पद्धत लागू करण्यात आली, सबब क्षेत्र व आकार बदलून लिहिला. गावातील प्रत्येक खातेदाराच्या जमिनीची किंमत, सीमा, मालकी यांपैकी काहीही न बदलता केवळ तिचे नाव बदलणारी अशी नोंद दुसरी नाही. तिला भाषांतराची नोंद म्हणावयास हरकत नाही.

हे भाषांतर दप्तरात यथायोग्य झाले. एक एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, तेव्हा पाच एकरांचे शेत २ हेक्टर २ आर ३४ चौरस मीटर लिहिले गेले. पण बोलणाऱ्याच्या तोंडी ते झाले नाही, आणि का झाले नाही याची कारणे भाषिक आहेत.

एक कारण शब्दाच्या रूपात आहे. फ्रेंचमध्ये हेक्टरच्या पोटात आर स्पष्ट ऐकू येतो; तो शब्द कानावर पडताच शंभर आर हा अर्थ उलगडतो. मराठीत तो इंग्रजीच्या वाटेने आला, उच्चारात आखडला आणि ‘हेक्टर’ झाला. आता ‘हेक्टर’ आणि ‘आर’ ही नावे ऐकून त्यांत माप व त्याचे शंभरपट असे नाते आहे, हे सांगितल्याशिवाय कोणाला कळणार? ‘हेक्टआर’ असे रूप रुळले असते तर प्राथमिक शाळेतील मुलासही ते नाते दिसले असते. दुसरे, ‘आर’ ही जागा मराठीत रिकामी नव्हती. बैल हाकण्याच्या पराणीला जे अणकुचीदार लोखंडी टोक असते ते आर. मोची ज्याने चामड्याला भोक पाडतो तेही आरच. शेतकऱ्याच्या शब्दसंग्रहातील इतक्या ओळखीच्या वस्तूचे नाव जमिनीच्या मापाला द्यावे, तेही कसलेही स्पष्टीकरण न देता, तर ते माप कसे रुजावे?

तिसरी गोष्ट अधिक मौजेची आहे. खरेदीखतांत आणि इंग्रजी मसुद्यांत हेक्टरासाठी एच् आणि आरासाठी आर् ही इंग्रजी अक्षरे लिहिण्याची रीत पडली आहे. वस्तुतः आराचे मान्य चिन्ह ‘ए’ हे छोटे अक्षर आहे. परंतु ‘आर’ हा उच्चार इंग्रजी वर्णमालेतील अठराव्या अक्षराच्या नावाशी तंतोतंत जुळतो, म्हणून लिहिणाऱ्याने त्या शब्दाला अक्षर मानले. आता अनेक सुशिक्षितांची अशी समजूत आहे की, ‘आर’ हे कोणत्या तरी लांब इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर असावे. तो शब्द कोणता, असे विचारले असता उत्तर येत नाही. लोकव्युत्पत्तीचा इतका ताजा आणि सरकारी कागदावर जगणारा नमुना वर्गात देण्यास सहसा मिळत नाही.

आणि अखेरचे कारण ते योगायोगाचे. परका शब्द आणि ओळखीचा शब्द यांचे अर्थ दूर असतात तेव्हा शिकणारा सावध असतो. अर्थ जवळ असतात तेव्हा तो फसतो. हिंदी ‘शिक्षा’ आणि मराठी ‘शिक्षा’ यांतला घोटाळा तमिळ आणि मराठी शब्दांत होत नाही. आर जर गुंठ्याच्या दुप्पट किंवा निमपट असता तर खेड्यातील प्रत्येक माणसाने तो कोष्टक पाठ करून शिकला असता. तो एक टक्क्याच्या आत-बाहेर निघाला, म्हणून शिकण्याची गरजच उरली नाही. ज्या रकान्यात ‘४०’ लिहिलेले आहे तो चाळीस गुंठ्यांचा, म्हणजे एकराचा, असे वाचून मोकळे होता आले. हेक्टर म्हणजे अडीच एकर ही सर्वत्र ऐकू येणारी व्याख्या याच वाचनातून निघाली आहे. शंभर गुंठ्यांचे अडीच एकर होतात. शंभर आरांचे होत नाहीत. हेक्टराचे खरे गुंठे ९८.८४, म्हणजे दोन एकर आणि एकोणीस गुंठ्यांना किंचित कमी.

गोव्याची स्थिती तुलनेसाठी उपयोगी पडते. पोर्तुगालने १८५२ मध्येच मेट्रिक पद्धती स्वीकारली होती. त्यामुळे गोव्यात भूखंडाचा भाव चौरस मीटरावर बोलला जातो, आणि तेथील मराठी भाषकाला त्यात परके काही वाटत नाही. सावंतवाडी ओलांडून अलीकडे आले की तोच मनुष्य गुंठ्यावर येतो. माप डोक्यात बसते की नाही हे त्याच्या शास्त्रीयतेवर अवलंबून नसते. किती पिढ्यांनी त्यात भाव केला यावर असते.

शब्दांच्या वाढीतून हीच गोष्ट दिसते. ‘गुंठ्याचा भाव’ हा प्रयोग रोजचा आहे, ‘आराचा भाव’ असे बोललेले प्रस्तुत लेखकाने ऐकलेले नाही. गुंठ्याला अनेकवचन आहे, सामान्यरूप आहे, साधित शब्द आहेत. शेतजमिनीचे लहान तुकडे पाडून विकण्याच्या प्रथेला ‘गुंठेवारी’ हे नाव मिळाले, आणि २००१ मध्ये अशा वस्त्या नियमित करण्यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने जो कायदा केला त्याच्या शीर्षकातच हा शब्द बसला. ज्या मापाला राज्याने आपल्या दप्तरातून चार दशकांपूर्वी निरोप दिला होता त्याच्या नावाने राज्यालाच कायदा करावा लागला, ही घटना भाषेच्या इतिहासात नोंद करण्याजोगी आहे. शहरांलगतच्या जमिनी विकून एकाएकी श्रीमंत झालेल्या मनुष्याला लोकांनी ‘गुंठामंत्री’ म्हटले. ‘आर’ या शब्दाला अद्याप एकही शिवी लाभलेली नाही. तो मराठीत आला नाही याचा याहून बळकट पुरावा मी देऊ शकत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकांनी गुंठा हे नाव ठेवून त्याचा अर्थ १०० चौरस मीटर केला, तर बिघडले कुठे? फ्रान्समधील ‘लिव्ह्र’चे तसेच झाले. आपल्या मंडईतही तसेच झाले आहे. ऐंशी तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, त्याचा पाव २३३ ग्रॅम भरेल; आज आपण पावशेर मिरच्या मागतो तेव्हा भाजीवाला २५० ग्रॅम तोलतो आणि दोघांचेही समाधान होते. शब्दाने आपले माप बदलले व नव्या मापात तो सुखाने राहिला. अर्थपरिवर्तनाची ही प्रक्रिया सर्व भाषांत चालू असते, तेव्हा गुंठ्यानेच काय पाप केले?

हा आक्षेप सबळ आहे, आणि काही काळ मीही याच मताचा होतो. परंतु दोन बाबतींत दृष्टान्त तुटतो. शेर बाजारातून गेला तो पूर्ण गेला. जुन्या शेराने तोललेली मिरची आज कोठेही शिल्लक नाही, ती खाऊन संपली. जमीन संपत नाही. १८४० नंतर ३३ फुटी साखळीने आखलेले बांध अनेक गावांत आजही तेथेच आहेत, आणि त्यांच्या आतील क्षेत्र जुन्याच गुंठ्यांत पुरे भरते. दुसरे असे की, पावशेराचा अर्थ देणारा व घेणारा दोघांच्याही मनात एकच असतो. गुंठ्याचे तसे नाही. भूखंड विकणारा ‘एक गुंठा’ म्हणून भाव सांगतो आणि खरेदीखतात ‘एक आर’ लिहून देतो, तेव्हा घेणाऱ्याने १,०८९ चौरस फुटांचे पैसे मोजलेले असतात व कागद १,०७६ चौरस फुटांचा असतो. एका गुंठ्यात तेरा चौरस फुटांचा फरक, कोणी बोलत नाही. दहा गुंठ्यांत तो सव्वाशे चौरस फुटांवर जातो, म्हणजे एक खोली. अर्थ बदलण्याची क्रिया अर्ध्यावर असताना, ज्याला दोन्ही अर्थ ठाऊक आहेत तो ज्याला एकच ठाऊक आहे त्याच्याकडून लाभ उठवू शकतो. ‘जवळजवळ’ची किंमत देतो तो हा दुसरा.

मोठ्या क्षेत्रात व कायद्याच्या सीमारेषेवर हाच फरक आणखी ठळक होतो. महाराष्ट्रातील जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या १९६१ च्या कायद्यात, १९७५ च्या दुरुस्तीनंतर, कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर ठरली. मेट्रिक मापात हे क्षेत्र २१ हेक्टर ८५ आरांहून थोडे अधिक होते. ‘चाळीस आरांचा एकर’ या हिशेबाने काढले तर २१ हेक्टर ६० आरच भरते. मधले पंचवीस आर कोणाचे, हा प्रश्न मग केवळ व्याकरणाचा राहत नाही.

आणखी एका चुकीचा उल्लेख करून ठेवतो, कारण ती याहून कितीतरी पटींनी मोठी असते. उताऱ्यातील हेक्टर-आर यांमधला बिंदू हा दशांशचिन्हासारखा दिसतो. पाच आर क्षेत्र ‘०.०५’ असे लिहिले पाहिजे. एखाद्याने घाईने ‘०.५’ लिहिले, की त्याच्या मनात शून्य हेक्टर पाच आर असते आणि वाचणारा अर्धा हेक्टर वाचतो. पाचाचे पन्नास झाले. एकर-गुंठ्यांच्या लेखनात ही चूक संभवत नव्हती, कारण चाळिसाच्या पायरीवर दशांशाचा भास होतच नाही. मापाच्या रचनेतील सौंदर्य हेच लेखनातील संकट झाले. यावर उपाय साधा आहे. कोणतेही रूपांतर करताना आधी सगळे क्षेत्र चौरस मीटरांत उतरवून घ्यावे आणि मग हव्या त्या मापात न्यावे, गुंठ्याला १०१.१७ ने गुणावे, एकराला ४,०४६.८६ ने. मोबाइल फोनवर हे काम क्षणात होते. तरीही ‘आर म्हणजे गुंठाच की’ असे म्हणून ते टाळले जाते.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष गेले ते ग्रंथांमुळे नव्हे. आमच्या घरची तीन एकरांची जिराईत जमीन वडील व चुलते यांच्यात वाटली गेली तेव्हा मी शाळेत होतो. तोंडी ठरले ते सोपे होते : प्रत्येकी दीड एकर. वाटणीपत्र लिहिणाऱ्या गृहस्थांनी दीड एकराचे साठ गुंठे केले, गुंठ्यांचे आर केले, आणि दोन्ही नावांपुढे ०.६० हेक्टर लिहून दिले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या दृष्टीने ते भाषांतरही नव्हते, एकाच गोष्टीची दोन नावे होती. मूळ उताऱ्यावर क्षेत्र होते १ हेक्टर २१ आर ४१ चौरस मीटर. साठ आणि साठ मिळून १ हेक्टर २० आर. राहिलेले १४१ चौरस मीटर कोणाच्याच नावे लागले नाहीत.

ते कोठे आहेत हा प्रश्न बरीच वर्षे कोणी विचारला नाही. पुढे विहिरीकडची पाऊलवाट बुजविण्यावरून बोलाचाली झाली, दोन्ही घरांनी आपापले कागद काढले, आणि प्रत्येकाच्या हिशेबाने आपली जमीन पूर्ण भरून पलीकडच्याने दीड गुंठ्याचे अतिक्रमण केलेले निघाले. दोघांचेही गणित बरोबर होते. दोघेही प्रामाणिक होते. दोन वर्षे एका घरातले लग्न दुसऱ्या घराने केवळ मांडवाबाहेरून पाहिले. मोजणी झाली, तेव्हा मोजणीदाराने बांधापासून बांधापर्यंत क्षेत्र काढून मूळचे तीन एकर पुरे असल्याचे दाखवून दिले आणि मधला पट्टा कागदावरच हरवला असल्याचे सांगितले. वडिलांना ते पटावयास वेळ लागला. ‘साठ म्हणजे साठच ना?’ एवढेच ते पुन्हा पुन्हा विचारीत होते. त्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

पुढे दुरुस्ती लेख झाला. १२,१४१ चौरस मीटरांचे दोन समान पूर्णांकी भाग होत नाहीत, म्हणून एका नावावर ० हेक्टर ६० आर ७० चौरस मीटर आणि दुसऱ्या नावावर ० हेक्टर ६० आर ७१ चौरस मीटर असे लिहिण्यात आले. तो एक चौरस मीटर चुलत्यांकडे गेला. वडिलांनी सही केली, आणि बाहेर आल्यावर चुलत्यांना विचारले, ‘दादा, यंदा तुमच्या दीड एकरात काय पेरणार?’

दोघांपैकी कोणीही, त्या दिवशी किंवा नंतर, हेक्टर हा शब्द उच्चारल्याचे मला आठवत नाही.